सागर परिक्रमेची कुळकथा

शिडाच्या नौकेतून, वाऱ्याच्या बळावर पृथ्वीला वळसा घालून निघाल्या बंदरी परतण्याच्या मोहिमेला भारतीय नौदलात ‘सागर परिक्रमा’ असे नाव आहे. अशा प्रवासाच्या अटी ठरलेल्या आहेत: नौकेने सर्व रेखांश ओलांडावेत, विषुववृत्त किमान दोनदा पार करावे, सुएझ किंवा पनामा कालव्याची वाट धरू नये आणि किमान 21,600 सागरी मैलांचे, म्हणजे पृथ्वीच्या परिघाइतके, सुमारे 40,000 किलोमीटरचे अंतर कापावे. कालवे वर्ज्य असल्यामुळे ऑस्ट्रेलियाचे लीउविन, दक्षिण अमेरिकेचे हॉर्न आणि आफ्रिकेचे गुड होप या तीन भूशिरांना वळसा घालणे क्रमप्राप्त ठरते.

या तिघांत हॉर्न सर्वांत दक्षिणेला, सुमारे 56 अक्षांशांवर आहे. तेथे हिवाळ्यात वादळे आणि थंडी असह्य होत असल्याने ते दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, पार करावे लागते. आणि म्हणूनच प्रस्थानाची तारीख, मुक्कामाची बंदरे व शिधासामग्री यांचे गणित त्या दिवसांपासून मागे मोजत येते. नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात न लोटणाऱ्या कोकणच्या कोळ्यांना ऋतूच्या या शिस्तीचे नवल वाटणार नाही.

या परंपरेचा एक धागा मुंबईत सापडतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ‘सुहैली’ ही 32 फुटी सागवानी नौका मुंबईत बांधून घेतली आणि 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधील फाल्मथहून तिच्यातून निघून, 17 जानेवारी 1969 रोजी हॉर्न ओलांडून, 312 दिवसांनी एकट्याने व कोठेही न थांबता जगप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले दर्यावर्दी ठरले. भारतीयाने असा प्रवास भारतात बांधलेल्या नौकेतून करावा, हा ध्यास निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी घेतला आणि नौदलाने तो उचलून धरला. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2006 मध्ये स्वेच्छेने ही जबाबदारी पत्करून नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून धडे घेतले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात डच आराखड्यावरून 56 फुटी नौका आकाराला आली. लाकडी पट्ट्यांच्या गाभ्यावर काचतंतूंचे आवरण चढवलेल्या या नौकेला नदीवरून ‘म्हादेई’ हे नाव मिळाले आणि फेब्रुवारी 2009 मध्ये ती नौदलात दाखल झाली.

दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 रोजी परतले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनले आणि केप टाउन या चारच बंदरांत ते थांबले, आणि या निवडीत नियोजनाचे मर्म आहे: न्यूझीलंडचे लिटलटन हे दक्षिण पॅसिफिकच्या निर्मनुष्य टप्प्याआधीचे डागडुजीचे ठिकाण, तर फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनले हे हॉर्ननंतरचे पहिले आश्रयस्थान होय.

किनाऱ्यावरून दोंदे यांना साहाय्य करणारे अभिलाष टॉमी याच ‘म्हादेई’तून 1 नोव्हेंबर 2012 रोजी न थांबता परिक्रमेस निघाले. बंदरच नसल्यामुळे त्यांना सर्व गरजांचा हिशेब निघतानाच मांडावा लागला. हॉर्न भूशिर त्यांनी 26 जानेवारी 2013 रोजी ओलांडले. पुढे पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळल्याने पाण्याची टंचाई झाली, तरी मार्चअखेर ते मुंबईस पोहोचले. ‘सुहैली’वरही पाण्याच्या टाक्या नासल्या होत्या आणि नॉक्स-जॉन्स्टन यांनी शिडावरून निथळणारे पावसाचे पाणी साठवून निभावले होते. नियोजन कितीही चोख असले तरी हाती उरेल त्यावर भागवण्याची तयारी हा त्याचाच भाग असतो, हे या दोन्ही प्रसंगांतून सिद्ध होते.

पुढे दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 10 सप्टेंबर 2017 ते 21 मे 2018 या काळात परिक्रमा केली आणि त्यांनीही हॉर्न जानेवारीतच गाठले. 2024-25 मध्ये त्याच नौकेतून दोन महिला अधिकाऱ्यांनी गोव्याहून निघून ती पुन्हा पूर्ण केली. एका निवृत्त दर्यावर्द्याच्या ध्यासाची आता परंपरा झाली आहे, आणि ऋतूचा मान राखून तारीख ठरवणे हा तिचा पहिला नियम आहे.