माळ्यावरचा चरखा

दिवाळीच्या तोंडावर घर झाडायला घेतले की माळ्यावरून दरवर्षी काही ना काही अनपेक्षित खाली येते. यंदा आमच्या मानपाड्याच्या घरात आजीचा पेटी-चरखा उतरला. झाकणावर बोटभर धूळ, आतली माळ कुजून तुटलेली, चाते मात्र शाबूत. घोडबंदर रस्त्यावरच्या गाड्यांचा घरघराट खिडकीतून येत होता आणि धाकटी पुतणी चाक फिरवत बसली होती. तिने विचारले, "काका, हा सगळ्यांत आधी कुणी घेतला?"

मास्तरकीत मी बरीच वर्षे काढली आहेत, पण हा प्रश्न कधी वर्गात आला नव्हता. चरखा म्हटले की आपल्याला एकदम लाखो लोक दिसतात, मिरवणुका दिसतात, झेंडा दिसतो. पण लाखांच्या आधी दहा असतात आणि दहांच्या आधी एक. तो एक मिळवताना काय काय सोसावे लागते, याची हकीकत मला त्या लाखांपेक्षा जास्त गोड वाटते.

मौज अशी, की ज्याने चरख्याचा मंत्र देशाला दिला त्याने तो मंत्र दिला तेव्हा चरखा पाहिलाच नव्हता! 'हिंद स्वराज'मध्ये १९०९ साली गांधीजींनी हातमागाचा पुरस्कार केला. पण आपण तोवर चरखा किंवा माग पाहिल्याचे आठवत नाही, अशी कबुली त्यांनीच आत्मकथेत दिली आहे. १९१५ साली ते देशात परतले, अहमदाबादेस आश्रम काढला, माग आणले. आता माग चालवायला शिकवणार कोण? पालनपूरहून एक जाणता विणकर आणला, पण त्याने आपली सगळी विद्या काही उघड केली नाही. हातचे राखून शिकवणे ही आपल्याकडची जुनी खोड. वैद्याचे औषध काय, गवयाची चीज काय, विणकराची गाठ काय, सगळे बंद मुठीत. मगनलाल गांधी चिकाटीचे निघाले. त्यांनी पाहून पाहून ती विद्या उचलली आणि मग ती आश्रमात येईल त्याला शिकवायला सुरुवात केली. माझ्या मते चळवळीचा पाया त्या दिवशी घातला गेला. पुढे चरखा ज्याने त्याने आपल्या गावच्या सुताराकडून करून घेतला आणि आपल्या सोयीने बदलला, त्याचे मूळ या उघड्या मुठीत आहे.

माग चालू लागला, पण सूत गिरणीचेच होते. हाताने कातणारी माणसे कुठे मिळेनात. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत गंगाबेन मजमुदार नावाची एक धीट विधवा बाई भेटली. घोड्यावर बसून एकटीने हिंडणारी ही बाई शोधत शोधत बडोदा संस्थानातल्या विजापूरला पोचली आणि तिथे चरखे सापडले. कुठे, म्हणाल? माळ्यावर! निरुपयोगी अडगळ म्हणून बायकांनी ते कधीचेच वर टाकले होते. त्या म्हणाल्या, पेळू आणून द्या आणि कातलेले सूत विकत घ्या, म्हणजे आम्ही पुन्हा कातू.

या अटीत त्या बायकांचे शहाणपण होते. उपदेश त्यांना नको होता. कच्चा माल हवा होता आणि मालाला गिऱ्हाईक हवे होते. पेळू दिले उमर सोबानी यांनी, आणि ते होते गिरणीमालक! हातसुताच्या चळवळीला पहिला पुरवठा गिरणीतून व्हावा, याला योगायोग म्हणा की काय म्हणायचे ते म्हणा. सूत इतके येऊ लागले की त्याचे करायचे काय हाच प्रश्न पडला. पण गिरणीचे पेळू गांधीजींच्या मनाला खटकत राहिले. तेव्हा गंगाबेनने पिंजारी शोधला. तो महिना पस्तीस रुपये मागत होता. तेही कबूल केले. मुंबईत कापसासाठी हात पसरावा लागला. आश्रमात तयार झालेली पहिली खादी वाराला सतरा आणे पडली. एवढ्या महाग आणि जाड्याभरड्या कापडाला गिऱ्हाईक कोण? ओळखीची मंडळी. त्यांनी कुरकुर न करता पैसे मोजले, म्हणून पुढचा वार विणला गेला.

आणि आता आपल्या मराठी माणसांकडे येतो. १९१९ साली शस्त्रक्रियेनंतर गांधीजी मुंबईत आजारी पडून होते. तिथे त्यांना दोन कातणारे मिळाले. शेराला एक रुपया मजुरी त्यांनी घेतली. विजापूरच्या दराशी ताडून पाहता आपण नागवले जात आहोत हे कळले, तेव्हा त्यांना निरोप दिला. पण जाण्यापूर्वी ते चार बायकांना कातणे शिकवून गेले. त्यांतल्या एक होत्या अवंतिकाबाई गोखले.

या बाईंची ओळख आज नव्याने करून द्यावी लागते, हे आपले दुर्दैव. १८८२ साली जन्मलेल्या अवंतिकाबाई परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या होत्या. १९१७ साली चंपारणला शाळा चालवायला माणसे हवी होती, तेव्हा त्या आणि बबनराव दोघेही गेले. हिंदी धड येत नाही, शिकवणार कशी, ही त्यांची शंका. मुलांना व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि चांगले वळण शिकवा, असे गांधीजींचे उत्तर. (आमच्या शिक्षणखात्याच्या परिपत्रकांत असे वाक्य कधी आढळले नाही.) त्यांची शाळा तिथे नमुनेदार ठरली. १९१८ साली त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले, त्याला प्रस्तावना टिळकांची. अशी बाई आजाऱ्याच्या खोलीत चात्यासमोर बसली आणि तुटलेला धागा जोडत जोडत शिकली. पुढे गांधीजींच्या वाढदिवशी स्वतः कातलेल्या सुताचे धोतर त्यांना भेट द्यायचे, हा नेम त्यांनी धरला.

मदत मागण्याचे आणखीही मार्ग असतात. माणशी एक पैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा केला. पण पैसा देऊन माणूस मोकळा होतो. चरखा पैसा मागत नव्हता, रोजचा वेळ मागत होता, आणि इथेच घोडे अडले. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली आणि सभासदाने महिन्याला दोन हजार वार सूत द्यावे असे ठरले. स्वतः कातायचे नसेल तर दुसऱ्याचे आणून द्यावे, अशी पळवाटही ठेवली होती. लोकांनी पळवाटेचा हमरस्ता केला! केळकरांसारख्या महाराष्ट्रीय पुढाऱ्यांना ही अट मुळातच मान्य नव्हती. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला सक्ती मागे घ्यावी लागली आणि कातणाऱ्यांसाठी अखिल भारतीय चरखा संघ निराळा निघाला. जे काम विजापूरच्या बायकांनी पेळू मिळताच सुरू केले, ते ठराव करून मोठमोठ्यांकडून झाले नाही.

त्या संघाने १९२९ साली एक लाखाचे बक्षीस लावले. चरखा दीडशे रुपयांच्या आत पडावा, झोपडीत चालावा, बाईमाणसाला आठ तास फिरवता यावा, वीस वर्षे टिकावा. शोधकाने पेटंट घेतले तरी बक्षिसाच्या बदल्यात ते संघाच्या हवाली करावे, म्हणजे चरखा कुणा एकाचा राहू नये. किर्लोस्करवाडीहून काळे यांचे यंत्रही या खटपटीत उतरले होते. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. मात्र येरवड्याच्या तुरुंगात सुधारत गेलेला घडीचा पेटी-चरखा बक्षिसाविना घरोघर गेला. आमच्या माळ्यावरचा त्याच घाटाचा.

पुतणीला हे सगळे सांगून होईपर्यंत तिने नवी माळ ओवली होती. चाक फिरले, चातेही फिरले. "आता सूत काढ," ती म्हणाली. पेळू आणायला मी बाजारात गेलो. तीन दुकाने हिंडलो. पेळू म्हणजे काय हेच पहिल्या दोघांना सांगावे लागले. तिसरा औषधवाला. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने जखमेवर लावायच्या कापसाची गुंडाळी काढून दिली. तीच घेऊन घरी आलो. ओढला की धागा तुटे, जोडला की पुन्हा तुटे. रात्री नऊपर्यंत जेमतेम वीतभर सूत निघाले, तेही दोरीएवढे जाड. आईने उरलेला कापूस आपल्याकडे ओढला आणि लक्ष्मीपूजनाच्या वाती वळायला घेतल्या.