शके १८४० ची मानमोडी व आरोग्यरक्षणाच्या सूचना

जुनीं दफ्तरें चाळतांना आपली दृष्टि सनदा, महजर व निवाडे यांवर प्रथम जाते. साथीच्या दिवसांत वांटलेलें एखादें एकपानी पत्रक हातीं आलेंच, तर तें बहुधा रद्दींत पडतें. अशा कागदांची योग्यता काय, हें शके १८४०, म्हणजे इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझावरून दाखविण्याचा आमचा हेतु आहे. महाराष्ट्रांत ही साथ ‘मानमोडी’ या नांवानें स्मरणांत राहिली.

जून १९१८ मध्यें मुंबईंत सात पोलीस शिपाई तापानें आजारी पडले. ही पहिली लाट त्या मानानें सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी लाट उसळली व ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. त्याच वर्षीं पर्जन्यानें दगा देऊन धान्य महागलें होतें. हिंदुस्थानांतील मृतांची संख्या प्रथम सुमारें ६० लक्ष धरली गेली. पुढील संशोधकांचे अंदाज १ कोटि २० लक्षांपासून जवळजवळ २ कोटींपर्यंत जातात.

१८९७ सालीं प्लेगाच्या वेळीं सरकारनें झडत्या व सक्तीचें विलगीकरण यांचा अवलंब केला होता. १९१८ सालीं भर उपदेशावर राहिला. गर्दी टाळावी, उघड्या हवेंत निजावें, पोटॅशियम परमँगेनेटच्या पाण्यानें गुळण्या कराव्या, ताप येतांच अंथरूण धरावें, अशा त्या सूचना होत्या. रोगाचें कारण तेव्हां अज्ञातच होतें. फायफर यानें १८९२ सालीं दाखविलेल्या जंतूस पुष्कळ वैद्यशास्त्रज्ञ दोषी मानीत. माणसांतील इन्फ्लुएंझाचा खरा विषाणु १९३३ सालीं लंडन येथें वेगळा करण्यांत आला. तथापि हा रोग श्वासावाटे पसरत असल्यामुळें, गर्दी टाळण्याचा व मोकळ्या हवेचा उपदेश आजच्या ज्ञानानेंहि योग्यच ठरतो. निदान चुकलें, पण पथ्य बरोबर होतें.

मग तें पथ्य फळलें कां नाहीं? मुंबई शहराचे आंकडेच याचें उत्तर देतात. या रोगानें दर हजारीं मृत्यूचें प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, तर अहवालांत ‘खालच्या जातींचे हिंदु’ म्हणून नोंदलेल्या लोकांत ६१.६ होतें. ज्याचें बिऱ्हाड चाळीच्या एका खोलींत, त्यानें गर्दी कोठें टाळावी? ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्यानें अंथरूण कसें धरावें? आमच्या मतें उपदेश सर्वांस सारखा होता. तो पाळण्याचें सामर्थ्य मात्र सारखें नव्हतें. साथीचा इतिहास लिहितांना ‘काय सांगितलें’ याबरोबर ‘कोणास तें करतां आलें’ हाहि प्रश्न विचारला पाहिजे.

सरकारी अहवालांत आंकडे सांपडतात. घरांत काय घडलें तें सांपडत नाहीं. तें वैद्यांच्या बाडांत, पंचांगाच्या समासांत व किराण्याच्या वह्यांत असण्याचा संभव आहे. म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, शके १८४० च्या भाद्रपद-आश्विनांतील कोणताहि चिटोरा क्षुद्र म्हणून टाकूं नये. ज्यांच्या मृत्यूची नोंद केवळ एका आंकड्यांत उरली, त्यांचा दुसरा लेख कदाचित् तोच असेल.