हिंदू-तुर्क संवाद : थट्टेतून तत्त्वाकडे

‘हिंदू-तुर्क संवाद’ हे पैठणच्या संत एकनाथांचे (१५३३-१५९९) संवादरूप भारूड होय. त्यात एक हिंदू व एक मुसलमान यांचा धर्मविषयक वाद रंगतो. हिंदू मराठीत बोलतो, तर तुर्क दखनी वळणाच्या हिंदीत. आरंभी दोघेही एकमेकांची यथेच्छ टर उडवतात. तुर्क पुराणकथांतील देवांवर व सोवळ्याओवळ्यावर बोट ठेवतो. ईश्वर सर्वत्र आहे तर एकाच दिशेला तोंड कशाला, असे हिंदू विचारतो. थट्टा बोचरी असली तरी टोले दोन्हीकडे सारखेच बसतात आणि प्रत्येकाला उत्तर देण्याची पुरेपूर संधी मिळते. पुढे उपहास ओसरतो, ईश्वर एकच या तत्त्वावर चर्चा स्थिरावते आणि दोघे परस्परांना वंदन करून आलिंगन देतात.

एकनाथांच्याच हयातीत, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि श्रद्धेतील मतभेद हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. त्या शतकात परधर्मीयाच्या तोंडी स्वधर्मावरील टीका घालणे हे धाडसच होते. ती टीका श्रोत्यांनी हसत ऐकावी, एवढे सामर्थ्य भारुडाच्या विनोदात आहे.