पंख्याच्या दोरीपासून सेन्सरपर्यंत : खोली कोणासाठी आपोआप चालते?

(भंडारा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

दिवस कलला तरी बाहेर पाय ठेववत नाही अशा दिवसांत तुम्ही आलात, आधी त्याबद्दल आभार. विषय संयोजकांनी दिला आहे : कार्यालयांच्या अंतर्गत सजावटीतलं स्मार्ट ऑटोमेशन. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, वायरिंगमधलं मला कळत नाही. पण इतिहास थोडाफार वाचला आहे, तेव्हा आपण त्या वाटेनं जाऊ.

एक गंमत सांगतो. पेन्शनच्या कामासाठी एका नव्या कार्यालयात बसलो होतो. फॉल्स सीलिंग, काचेचं पार्टिशन, सगळं चकाचक. साहेब मीटिंगला गेलेले. मी आपला गुपचूप बसून. दहा मिनिटांनी दिवे गेले. मला वाटलं, लोडशेडिंग. शिपाई डोकावला आणि म्हणाला, "हात हालवा न सर, लाईट लागते मंग." हात हलवला, लागले दिवे. असं चार वेळा झालं. देकार्तनं स्वतःच्या अस्तित्वाचा पुरावा विचारात शोधला होता, ते मी आयुष्यभर वर्गात शिकवलं. या खोलीला मात्र पुरावा हालचालीचा हवा होता!

छतातला तो सेन्सर अंगातून निघणाऱ्या उष्णतेची हालचाल टिपतो. भोवतालापेक्षा अंग गरम असेल तर त्याला नीट दिसतं. आपल्याकडे मे महिन्यात, एसी बंद असेल तर, भिंतीच अंगाइतक्या तापतात. मग भिंत कोणती आणि माणूस कोणता, हे त्याला नीट उमगत नाही. म्हणजे यंत्र बनवताना कोणीतरी एक माणूस आणि एक हवामान गृहीत धरलेलं असतं. आज मला एवढाच प्रश्न मांडायचा आहे : खोली आपोआप चालते तेव्हा ती कोणाला गृहीत धरून चालते?

आपल्या भागापासूनच सुरुवात करू. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि भंडारा त्यातला एक जिल्हा. जुन्या कारभारात गादी-तक्क्याची बैठक असायची, कागद रुमालात बांधलेले असायचे. इंग्रजी कचेरीत टेबल-खुर्ची आली आणि डोक्यावर कापडी पंखा आला. छताला लाकडी चौकट, तिला कापडाची झालर. दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जायची आणि तिथे बसलेला माणूस ती तासन् तास ओढत राहायचा. दाराला वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी मारायला दुसरा माणूस.

आता साहेबाच्या खुर्चीत बसून बघा. हवा आपोआप येते आहे! दोरी ओढणारा भिंतीपलीकडे, तो दिसतच नाही. पेंग आली आणि पंखा थांबला, तर शिवी किंवा लाथ. ई. एम. फॉर्स्टरच्या १९२४ मधल्या 'अ पॅसेज टू इंडिया' कादंबरीत कोर्टातला पंखेवाला आहे. खटला संपून कोर्ट रिकामं होतं, तरी हा ओढतोच आहे. खोलीत कोणी आहे की नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. आजच्या सेन्सरला नेमकं तेच एक काम दिलं आहे, गंमत बघा. पुढे विजेचा पंखा आला आणि या माणसाची दोरी सुटली. ते चांगलंच झालं. जुन्या दिवसांचे उमाळे काढायला मी इथे आलेलो नाही.

आता इथून साठेक किलोमीटरवर, नागपूरला जाऊ. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आपल्याकडची कोरडी हवा सुताला सोसत नाही, धागा तुटतो. म्हणून टाटांनी मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली. ती कोणासाठी? धाग्यासाठी. कामगाराला त्यात घामच जास्त. पुढे १९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरिअरनं आधुनिक वातानुकूलन उभं केलं, तेही ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. म्हणजे यंत्रानं आधी धागा सांभाळला, मग कागद. माणसाची पाळी नंतर आली.

माणसाची पाळी आली ती कशी, तेही ऐका. वॉरन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक होते, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शिकवायचे. वर्ग गरम आहे की गार, हे बघायला शिपाई सारखा आत यायचा आणि शिकवणं तुटायचं. वैतागून त्यांनी १८८३ मध्ये तापमान बघणाऱ्या विजेच्या उपकरणाचं पेटंट घेतलं. वर्गातलं तापमान बदललं की तळघरात घंटा वाजायची आणि शिपाई झडप फिरवायचा. दोन वर्षांनी त्यांची कंपनी निघाली. आजच्या 'स्मार्ट बिल्डिंग'चं घराणं तिथपर्यंत पोचतं.

पण थर्मोस्टॅटवर आकडा कोणता लावायचा? कार्यालयातल्या तापमानाचे नियम ज्या जुन्या गणितावर उभे आहेत, त्याबद्दल २०१५ मध्ये युरोपातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की त्यात चाळिशीचा, सत्तर किलोचा पुरुष गृहीत धरलेला आहे. बायकांच्या शरीरात उष्णता त्याहून कमी तयार होते. आता कळलं ना, बँकेतल्या मॅडम भर उन्हाळ्यात स्वेटर का घालतात? अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं आपल्या देशातल्या पाच शहरांत कार्यालयांचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये पूर्ण झाला. खिडक्या उघड्या असलेल्या इमारतींतल्या लोकांना पाश्चात्त्य नियमांपेक्षा बरंच जास्त तापमानही चालतं, असं त्यात आढळलं. २०२० पासून स्टार-लेबलचे एसी सुरू केले की २४ अंशांवरच सुरू होतात, हा नियमही आला. आकडा ठरवणं हा शेवटी माणसांचाच निर्णय असतो. यंत्र तो फक्त पाळतं.

आता थोडं जड बोलायचं आहे. एम्प्रेस मिलमध्ये टाटांनी आणखी एक गोष्ट बसवली होती, आगीवर आपोआप पाणी सोडणारे फवारे. त्याची युक्ती साधी असते. तोंडाशी लवकर वितळणारा धातू. सत्तरेक अंशांना तो वितळतो आणि पाणी सुटतं. त्याला वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही, साहेबाची सहीही लागत नाही. धागा वाचतो आणि माणूसही. माझ्या मते हे खरं शहाणं यंत्र.

आणि त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी, २१ जून २०१२ रोजी, भर दुपारी राज्याचं मंत्रालय पेटलं. वरचे मजले गेले, फायली गेल्या, पाच माणसं गेली. प्लायवूडची पार्टिशनं, सीलिंग, वायरी आणि कागद, यालाच आपण सजावट म्हणतो. आणि आपल्याच गावात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात दहा बाळं गेली. त्यावर मी भाषण करणार नाही. इथे बसलेल्या प्रत्येकाला ती रात्र आठवते. एवढंच म्हणतो की त्या दिवसापासून कोणी मला ऑटोमेशन म्हटलं, की मी आधी वर बघतो. तिथे धूर ओळखणारं काही आहे का? ते चालतं का? आणि घंटा वाजली तर ऐकायला कोण जागं आहे? जॉन्सनची घंटाही शेवटी माणसालाच बोलवत होती.

तेव्हा उद्या तुमच्यापैकी कोणी कार्यालयाची सजावट करायला घेतली, तर कंत्राटदाराला 'हे किती स्मार्ट आहे' असं नंतर विचारा. आधी विचारा, आग लागली तर ही खोली काय करेल. मग विचारा, आकडा कोणाच्या अंगाला बघून लावलाय आणि तो बदलायचा हक्क कोणाला आहे, शिपायाला आहे का. आणि शेवटी दार उघडून व्हरांड्यात या. एकेकाळी पंखेवाला बसायचा त्या जागी आज सातबाऱ्यासाठी आलेली माणसं बसतात, ४५ अंशांत. आतल्या एसीची गरम हवा काही ठिकाणी त्यांच्याच अंगावर सोडलेली असते. खोलीचा हिशेब त्यांना धरून करा, मग सेन्सर कुठलाही बसवा.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आणि हो, विचारताना हात हलवा, म्हणजे मला दिसेल.