बोक्याची हद्द

संस्कृतांतील ‘मार्जार’ हा शब्द ‘मृज्’ म्हणजे घासून स्वच्छ करणें या धातूपासून झाला. दिवसांतून दहा वेळां अंग चाटून साफ करणाऱ्या आणि आपली विष्ठाहि मातीखालीं झांकणाऱ्या प्राण्याला हें नांव शोभतें. पण हाच प्राणी एके दिवशीं दाराच्या चौकटीकडे पाठ करतो, शेपूट ताठ उभारून थरथरवतो आणि चौकटीवर, गादीवर किंवा धान्याच्या पोत्यावर मुताची पिचकारी सोडून निघून जातो. मग दोन-दोन दिवस घरांत कोणाला घास गोड लागत नाहीं.

गृहस्थांनीं या वागण्याचा अर्थ बहुधा एकच लावला: खोड, नाहीं तर सूड. मांजर मारावें, तर मनुस्मृतींत मार्जारवधाला प्रायश्चित्त सांगितलेलें. सोन्याचें मांजर करून काशीस दान द्यावें लागतें, ही समजूत तर घरोघरीं होती. म्हणून मधला मार्ग निघाला. मांजर पोत्यांत घालावें, पोत्याचें तोंड बांधावें आणि दूर गांवाबाहेर सोडून यावें. पाप टळलें, वासहि टळला! त्या जिवाचें पुढें काय झालें, याची चौकशी सहसा झाली नाहीं. ही रीत अजून पुरती मोडलेली नाहीं.

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत, नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगाव (श्यामजी पंत) हें गांव आहे. अशा गांवच्या ओसरीवर बोका जें करतो, तेंच त्या जिल्ह्याच्या रानांत वाघ करतो. बोरचें जंगल १९७० सालीं अभयारण्य आणि २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झालें. तेथला वाघहि वाटेवरच्या झाडाकडे पाठ करून, शेपूट उभारून तशीच पिचकारी उडवतो. त्याला मात्र कोणी खोडकर म्हणत नाहीं. ती त्याची हद्द, असें सारे आदरानें मान्य करतात. जॉर्ज शॅलर यांनीं मध्यप्रदेशांतील कान्हा येथें वाघांचें हें वर्तन पाहून १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत नोंदलें. कलकत्त्याचे रतनलाल ब्रह्मचारी यांनीं ओरिसांत सरोजराज चौधरी यांच्या घरीं वाढलेल्या ‘खैरी’ वाघिणीवरून या द्रवाचा अभ्यास आरंभला. १९९० सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, बासमती तांदळाला सुगंध देणारें द्रव्यच वाघाच्या त्या फवाऱ्यांत असतें. मनुष्याचें नाकहि मोठें लहरी आहे. मांजराच्या दूरच्या नात्यांतल्या जवादी प्राण्याचा स्राव अत्तरांत पडतो, तिरुपतीच्या मूर्तीला लागतो. बोक्याचा तेवढा पोत्यांत जातो.

घरच्या मांजराच्या वासाचें कारण निराळें. १९५१ सालीं दत्त आणि हॅरिस या संशोधकांना मांजराच्या मुतांत एक गंधकयुक्त ॲमिनो आम्ल आढळलें. त्याला ‘फेलिनीन’ म्हणतात. तें स्वतः फारसें वास मारीत नाहीं, पण हवेंत त्याचें हळूहळू विघटन होतें आणि उग्र द्रव्यें सुटतात. दुसऱ्या दिवशीं वास अधिक कां जाणवतो, त्याचें उत्तर येथें आहे. खच्ची न केलेल्या बोक्याच्या मुतांत फेलिनीन मांजरीपेक्षां पुष्कळ अधिक असतें. १९७३ सालीं अमेरिकेंत हार्ट आणि बॅरेट यांनीं प्रौढ बोक्यांना खच्ची करून पाहिलें, तेव्हां शेंकडा ८० हून अधिक बोक्यांची पिचकारी थांबली किंवा फार कमी झाली. सूडाची कल्पना अशा रीतीनें शस्त्रवैद्याच्या टेबलावर संपली.

उरलेल्यांच्या बाबतींत कारण बहुधा भीति असते. घरांत नवें मांजर येतें, खिडकीबाहेर परका बोका दिसतो, बिऱ्हाड बदलतें. मग मांजर आपला वास पुन्हा पुन्हा लावून घर आपलेंसें करूं पाहतें. गृहिणी त्या जागीं अमोनियाचें पाणी फिरवते, आणि मांजराला त्यांतहि मुताचाच भास होतो! फिनेल तर त्याच्या अंगाला विषारी. साबणाच्या पाण्यानें जागा नीट धुणें आणि परक्या बोक्याची खिडकी झांकणें अधिक उपयोगी पडतें. पिचकारी न मारतां मांजर वारंवार खालीं बसून कुंथत असेल, तर मात्र तो मूत्ररोग समजून त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. बोक्याची मूत्रनलिका तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

पोत्यांतून गेलेलें मांजर परक्या हद्दींत उतरतें आणि तेथल्या बोक्यांचा मार खातें. इकडे घराभोंवतीं जागा मोकळी पडते. थोड्या दिवसांत शेजारचा दुसरा बोका ओसरीवर येतो, धुतलेली चौकट हुंगतो आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहतो.