फावल्या वेळचा हत्ती

आपल्या मंडळाची स्मरणिका निघावयाची म्हटले की चिटणीसबाईंची घरोघर फेरी ठरलेलीच. यंदा माझ्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही त्या क्रोशाच्या प्राण्यांवर लिहा. पण नुसती कृती नको हं, थोडा इतिहासही येऊ द्या." मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. परंतु गेल्या वर्षीच्या आपल्या विक्रीत एक लहानसा प्रसंग घडला आणि त्यापायी चार पुस्तके चाळणे झाले. त्याचीच ही हकीकत.

माझ्या माहेरी क्रोशा होता तो रुमालांचा. रेडिओवर रुमाल, तांब्यावर मण्यांची जाळी, दाराला तोरण. मुलीचे लग्न ठरले की रुखवतात मांडण्यासाठी घरातल्या बायकांच्या सुया रात्री उशिरापर्यंत चालत. पण या सुईवर खेळणीही विणतात हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत नात घरात कोंडून पडली होती. तिने फोनवर एक विणलेला हत्ती दाखवला आणि म्हणाली, "आजी, मला हा करून दे."

कृती पाहिली तर सोपी. मुका खांब आला की पुरे. पहिल्या वेढ्यात ६ मुके खांब, पुढच्या फेरीत १२, मग १८, मग २४. दर फेरीला ६ वाढवीत गेले की चकती होते. वाढविणे थांबवले की कडा वाटीसारख्या वर उठतात. घरे घटवीत गेले की वाटीचा चेंडू होतो; तोंड मिटण्यापूर्वी आत कापूस भरावयाचा. हत्ती, ससा, अस्वल ही सारी याच तीन गोष्टींची करामत. सपाट दोऱ्यातून पोट, डोके, सोंड अशी एकेक गोलाई उभी राहताना पाहणे यासारखा आनंद नाही.

आता त्रास सांगते. 'एकवीस, बावीस' म्हणेपर्यंत कुकरची शिट्टी होते आणि पुन्हा एकपासून मोजणे आले. फेरीच्या आरंभी खुणेचा रंगीत दोरा अडकवला नाही, तर फेरी कोठे संपली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. काळा दोरा रात्री दिव्याखाली दिसत नाही. लोकरीचा गुंडा नेमका संपतो तो तिसऱ्या पायावर, आणि दुकानातून नवा आणावा तर रंग एक छटा निराळा! दोन कान एकाच मापाचे झाले असे माझ्या हातून अजून घडलेले नाही. आणि सर्वांत कंटाळवाणे म्हणजे शेवटी हातपाय शिवून जोडणे. कितीतरी सशांची धडे माझ्या टोपलीत कानांची वाट पाहत पडलेली असतात.

पहिल्या हत्तीची तर फजितीच झाली. कृतीत 'डबल क्रोशे' लिहिले होते, म्हणून मी उंच खांब घातले. हत्तीची मान जिराफासारखी लांबली आणि भोकांतून कापूस डोकावू लागला. मागाहून समजले की इंग्लंडच्या पुस्तकांत ज्याला 'डबल' म्हणतात, त्यालाच अमेरिकेत 'सिंगल' म्हणतात. आणि तो म्हणजे आपला साधा मुका खांब. जपानी नकाशांत शब्दांऐवजी खुणा असतात. त्या एकदा ओळखीच्या झाल्या की भाषेवाचून अडत नाही. या खेळण्यांना आज जगभर 'अमिगुरुमी' म्हणतात तो शब्दही जपानीच. 'अमि' म्हणजे विणकाम आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भरण घातलेले खेळणे. जपानबाहेर याचा खरा प्रसार २००० सालानंतर झाला.

क्रोशा हा शब्द मात्र फ्रेंच. त्याचा अर्थ लहानशी आकडी. अठराव्या शतकात युरोपात चौकटीवर कापड ताणून आकडीने साखळीचा टाका घालण्याची फार आवड होती. ही कला पूर्वेकडून, बहुधा आपल्या आरीच्या भरतकामातून तिकडे गेली असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पुढे कोणीतरी कापड बाजूला ठेवून तोच टाका नुसत्या दोऱ्यावर घातला आणि क्रोशा जन्मला, असा त्यांचा तर्क आहे. तो खरा असेल तर आपल्या मोच्याची आरी आणि माझी सुई या चुलत बहिणी ठरतात.

ही करमणूक एका देशात पोटाचा आधार झाली. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी दगावली. तेव्हा मठांतील जोगिणींनी आणि पाद्र्यांच्या पत्नींनी गावोगावच्या बायकांना क्रोशाची लेस शिकविली. क्लोन्स गावी कॅसँड्रा हँड या बाईंनी १८४७ साली हे काम सुरू केले. कोणी गुलाब विणी, कोणी पाने, आणि ते जोडणारे हात निराळे. त्या लेसच्या पैशांवर कित्येक घरांत चूल पेटली.

भरीव खेळण्यांच्या इतिहासातही एक बाई आहे. जर्मनीतील मार्गारेटे श्टाइफ १८४७ साली जन्मली. लहानपणीच पोलिओने तिचे पाय गेले आणि उजवा हात दुबळा झाला. तरी ती शिवण शिकली आणि तिने स्वतःचे दुकान थाटले. १८८० साली तिने फेल्टचा लहानसा हत्ती केला तो टाचण्या टोचण्यासाठी. पण तो मुलांनी पळविला! त्या हत्तीपासून खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. हातपाय हलविणारे अस्वल तिच्याच पुतण्याने १९०२ साली आखले. हे वाचले आणि माझ्या वाकड्या सोंडेच्या हत्तीविषयी मला जरा अभिमान वाटू लागला.

आता तो विक्रीचा प्रसंग. आपल्या टेबलावर मी सहा प्राणी मांडले होते. एका बाईंनी हत्ती उचलला, किंमत विचारली आणि म्हणाल्या, "एवढ्याशा बाहुल्याला इतके पैसे? लोकर ती किती लागली असेल!" मला संकोच वाटला. मी घाईने म्हणाले, "तसे नाही हो, फावल्या वेळात करते मी. द्या काय द्यायचे ते." अर्ध्या किमतीत हत्ती गेला. चार दुपारी आणि तीन रात्री त्यात गेल्या होत्या, हे मी बोललेच नाही.

त्यानंतर आंध्रातील नरसापूरची हकीकत वाचनात आली. गोदावरीच्या मुखाजवळच्या त्या मुलुखात एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी बायकांना क्रोशा शिकविला. त्यांची लेस साता समुद्रांपलीकडे विकली जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन विदुषीने त्या बायकांमध्ये राहून १९८२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. तिला काय दिसले? बायका दिवसचे दिवस विणत होत्या, व्यापारी श्रीमंत होत होते आणि बायकांच्या हाती तुटपुंजी मजुरी पडत होती. कारण सांगितले जाई ते एकच : या काही कामकरी नव्हेत, या गृहिणी, फावल्या वेळात विणतात!

मैत्रिणींनो, ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. व्यापाऱ्यांचे ते वाक्य मी माझ्या तोंडाने, कोणी न विचारता, बोलून गेले होते. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण मानांकन लेसला मिळाले. विणणारीच्या तासांची मोजदाद तिलाच करावी लागणार.

माझे म्हणणे गैरसमजाने घेऊ नका. नातीसाठी विणलेल्या हत्तीची किंमत मी मागणार नाही. बाळंतविड्यात घातलेला ससा हा आशीर्वादच आहे. त्याला डोळे मात्र दोऱ्याचे काढा, मणी तोंडात जाण्याची भीती असते. छंद तो छंद, आणि देणे ते देणे. पण जे टेबलावर विकावयास मांडले, त्याचे मोल आपणच पाडून सांगू नये.

यंदाच्या विक्रीत माझ्या प्रत्येक प्राण्याच्या गळ्यात एक चिठ्ठी असेल : लोकर इतकी, तास इतके. घासाघीस झाली तर मी हसेन, पण 'फावल्या वेळात करते' असे म्हणणार नाही. टेबलाच्या मागे तुम्हीही असाल. माझी जीभ घसरू लागली तर हळूच चिमटा काढा.