पदर सावरा, रांगेत या

वहाणा इथेच काढून ठेवा. मोबाइल, घड्याळ, गाडीची किल्लीसुद्धा. आपण जातोय ते साल आहे 1952, महिना जानेवारी, आणि गाव नगर तालुक्यातलं, कोरडवाहू. तुम्ही आता पंचविशीतली बाई आहात. पुरुष वाचकांनीही आज बाईच व्हायचं आहे, कारण बघण्यासारखं जे काही आहे ते सगळं बायकांच्या रांगेत आहे.

थंडी आधी टाचांना लागते. भेगांत माती भरलेली आहे आणि अंगणातला सडा अजून ओला आहे. अंगावरचं नऊवारी लुगडं काल संध्याकाळी धुतलेलं. ते नीट वाळलेलं नाही, त्यामुळे कमरेला खोचलेला ओचा गार लागतोय. चुलीत गोवरी धुमसतेय, डोळ्यांतून पाणी येतंय आणि हात मात्र थांबत नाहीत. आजच्या भाकरी रोजच्यापेक्षा जास्त थापायच्या आहेत. सोबत लसणाचा ठेचा आणि दोन कांदे फडक्यात बांधा. परत कधी यायचं ते कुणालाच ठाऊक नाही.

काल रात्री कोतवालानं दवंडी दिली होती: एकवीस वर्षं पुरी झालेल्या साऱ्या बाप्यांनी आणि बायांनी शाळेत जायचं. "बायांनी" हा शब्द ऐकून सासूबाईंनी कोतवालाला पुन्हा बोलावलं आणि पुन्हा म्हणायला लावलं होतं.

गाडी जुंपली. सहा बाया, चार पोरं आणि खाली कडब्याचा बिछाना. चाक दगडावरून उतरलं की दात वाजतात. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी आहे आणि कणसात दाणा भरलाय. माळ्यावरच्या पोराची गोफण फटकन वाजते, पाखरांचा थवा उठतो आणि दोन शेतं पलीकडे जाऊन बसतो. एका बांधावर आगटी पेटलीय. भाजलेल्या हुरड्याचा वास असा येतो की थोरल्या जाऊबाई गाडीवानाला थांब म्हणतात. तो थांबत नाही. "आधी मत, मग हुरडा," म्हणतो आणि बैलाची शेपटी पिळतो.

शाळेपाशी पोहोचलात की आधी कानांचं बघा. शंभरेक बैल सोडलेले आहेत, घुंगरं वाजताहेत, पोरं रडताहेत, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. रेवड्या आणि गुडीशेव विकणाऱ्यानं झाडाखाली पाल ठोकलंय; त्याच्या लेखी ही जत्राच आहे. घोंगडीचा, विडीचा, शेणाचा आणि खोबरेलाचा एकत्र दर्प. उन्हं वर आलीत, आणि सकाळी हवाहवासा वाटलेला पदर आता मानेला चिकटू लागलाय.

रांगा दोन. बाप्यांची वेगळी, तुमची वेगळी. पण तुमच्या रांगेत नीट बघा. पुढे पाटलांच्या घरची सून आहे, नाकात भलीथोरली नथ घातलेली. तिच्या मागे सुतारीण. तिच्या मागे महारवाड्यातली एक म्हातारी, तिच्या मागे तुम्ही. म्हातारी अंग चोरून उभी आहे. दोन रांगांच्या मध्ये पोलीस फिरतोय आणि तो म्हणतो, "सरळ उभं ऱ्हा, पुढं सरका." म्हातारी सरकते. तिच्या हाताचा कोपर सुतारिणीला लागतो. दोघी दचकतात. कुणी काही बोलत नाही, कारण रांग सोडून गेलं तर नंबर जाईल.

अस्पृश्यता घटनेच्या 17व्या कलमानं बंद झाली त्याला दोन वर्षं होताहेत. म्हणून सगळं बदललं असं मी तुम्हाला सांगणार नाही. बघा ना, पाणी वाटणाऱ्या पोऱ्यानं तुमच्या हातात तांब्या दिला, आणि म्हातारीला मात्र ओंजळ धरायला लावून वरून धार सोडली. पाण्याला जुना नियम आणि रांगेला नवा, एकाच अंगणात. म्हातारी पाणी पिते, ओले हात लुगड्याला पुसते आणि आपल्या जागेवर परत येते. ती जागा तिची आहे. पाटलीणबाईंच्या मागे दुसरी, आणि तुमच्याही पुढे.

रांग हलत नाहीये, तोवर थोडं बोलून घेऊ. आपल्या आजच्या जगातलं काही या बायांना माहीत नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं. इथून काही कोसांवर भिंगारजवळ नगरचा भुईकोट किल्ला आहे. ऑगस्ट 1942 पासून अडीच वर्षांहून जास्त काळ तिथे नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद यांच्यासह काँग्रेसचे पुढारी कोंडलेले होते. खटला नाही, सुनावणी नाही, सुटका कधी ते कळायची सोय नाही. त्या खंदकाच्या आत कोंडलेल्यांपैकी एक जण आज पंतप्रधान म्हणून तुमच्या मताची वाट बघतोय. आणि तिकडे आफ्रिकेत, अक्राच्या जेम्स फोर्ट तुरुंगात असतानाच तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी क्वामे एन्क्रुमा गेल्याच वर्षी निवडून आले. सरकारला त्यांना सोडावं लागलं. समुद्रापलीकडच्या त्या रांगेतही अशाच बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या.

मला त्या देशाचं पुढचं ठाऊक आहे म्हणून जीव तुटतो. याच एन्क्रुमांच्या सरकारनं 1958 मध्ये बिनखटल्याच्या स्थानबद्धतेचा कायदा केला, 1964 मध्ये देशात एकच पक्ष उरला, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यातले त्यांचे जुने सहकारी जे. बी. डांक्वा 1965 मध्ये तुरुंगात वारले. आपणही नामानिराळे नाही. आपल्याकडे तसला कायदा 1950 सालीच झालेला आहे. किल्ल्याची किल्ली हातात आली की ती वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो, तुरुंग भोगलेल्यांनासुद्धा. तो आवरायला कुणाला तरी दर काही वर्षांनी असं उन्हात उभं राहावं लागतं.

चला, नंबर आला.

शाळेची खोली अंधारी आणि गार आहे. शेणानं सारवलेली जमीन तळव्यांना बरी वाटते. टेबलामागे मास्तर बसलेत, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. समोर याद्यांचे गठ्ठे. मास्तर मान वर न करता विचारतात, "नाव?"

तुम्ही गप्प. आजवर तुम्हाला नाव कुणी विचारलंय? तुम्ही अमक्याची सून, तमक्याची आई, धाकटी. माहेरचं नाव लग्नात बदललं आणि सासरचं नाव हाकेला लागलंच नाही.

"बाई, नाव सांगा. नावाशिवाय कागद देता येत नाही."

सांगा. मोठ्यानं सांगा. इथे मी तुमच्या वतीनं काही बोलू शकत नाही.

उत्तरेकडच्या प्रांतांत लाखो बायांनी याद्या करणाऱ्यांना स्वतःचं नाव सांगितलंच नाही, फलाण्याची बायको, फलाण्याची आई एवढंच सांगितलं. सुमारे 28 लाख नावं यादीतून गेली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालवून घेतली नाही. त्या दिवशी त्या बायांचं मत गेलं, हे वाईटच झालं. तरी मला सेन यांचा हट्ट पटतो: मत द्यायचं तर ते माणसाचं असावं, नात्याचं नको. हेच सेन पुढे 1953 मध्ये सुदानची निवडणूक घ्यायला तिकडच्या आयोगाचे अध्यक्ष म्हणून गेले.

तुमचं नाव यादीत सापडलं. मास्तर त्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "मालकाचं नाव?" आता खरी पंचाईत! नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यातच. मागून थोरल्या जाऊबाई उखाणा जुळवायला लागतात, रांगेत हसू फुटतं, पोलीसही हसतो. मास्तर घाईनं म्हणतात, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, मीच वाचतो. होय म्हणा फक्त." तुम्ही होय म्हणता.

डाव्या हाताचं बोट पुढे करा. शाई गार आहे आणि तिला औषधासारखा उग्र वास आहे. मग मास्तर दोन कागद देतात, रुपयाच्या नोटेएवढे. त्यांवर कुणाचं नाव नाही, चिन्ह नाही. मत दोन ठिकाणी द्यायचंय, एक दिल्लीच्या लोकसभेसाठी आणि एक मुंबईच्या विधानसभेसाठी. शिक्का मारायचा नाही, लिहायचं नाही. पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीत कागद टाकायचा.

पडदा सरकवा आणि आत या.

आत तुम्ही एकट्या आहात. बाहेरचा गलका पडद्यापाशी अडतो. समोर पत्र्याच्या पेट्या ओळीनं मांडल्यात, असल्या पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यातही बनल्या. प्रत्येक पेटीवर चित्र. देशात दर सहा माणसांत पाचांना अक्षरओळख नाही, म्हणून ही चित्रं. बैलजोडी तुम्ही लांबूनही ओळखाल. इतर ठिकाणी कुठे झोपडी आहे, कुठे झाड, कुठे हत्ती.

घाई करू नका. पहाटेपासून रात्रीपर्यंत तुम्ही कधी एकट्या असता? विहिरीवर बाया, रानात बाया, घरात सासू, रात्री नवरा आणि पोर. चार भिंतींच्या आत, कुणी बघत नाही, कुणी काही सांगत नाही आणि ठरवायचं तुम्हीच, हे आज पहिल्यांदा घडतंय. येताना गाडीवानानं सांगितलं होतं कुठे टाकायचं. काल नवऱ्यानं सांगितलं. परवा पाटलांचा माणूस येऊन सांगून गेला. त्यातला एकही जण इथे येऊ शकत नाही. आला तर तो बाहेरचा हाफ चड्डीतला पोलीस पाटलांच्या माणसालाही हाताला धरून काढेल, तसं त्याला बजावलेलं आहे. कायदा म्हणजे काय हे मला पुस्तकांतून जितकं कळलं, त्याहून जास्त या पडद्यापाशी कळतं.

हात पुढे करा. पत्रा गार आहे. फट अरुंद आहे, कागदाचा कोपरा दुमडतो, पुन्हा सरळ करा. आता सोडा. आत पडल्याचा आवाजही होत नाही. दुसराही टाका. जाता जाता पेटीला हात लावून तो कपाळाला लावावासा वाटला तर लावा.

बाहेर ऊन डोळ्यांत घुसतं. बोटावरचा डाग उन्हात गडद होत चाललाय आणि पोरं तो बघायला गोळा झालीत. म्हातारी झाडाखाली बसून आपलं बोट लुगड्यानं घासून बघतेय, जातंय का. जात नाही. सगळेच आले आहेत असं मात्र नाही. देशभरात निम्म्याहून जास्त मतदार यंदा केंद्रापर्यंत येणारच नाहीत. कुणाला रोजगार बुडवता आला नाही, कुणाला घरून सोडलं नाही. तुमच्या गाडीतल्या सहाव्या बाईचं नाव यादीत सापडलंच नाही, ती मघापासून पोरं सांभाळत बसलीय आणि तिला काय बोलावं ते कुणालाच सुचत नाही. सासूबाई तिच्या हातावर गुडीशेव ठेवतात.

गाडी परत निघाली. ठेचा झोंबतोय, पाणी संपलंय. जाऊबाई विचारतात, "तू कंच्या पेटीत टाकलं गं?" तुम्ही भाकरीचा घास मोठा घेता. सासूबाई वळून विचारतात. गाडीवानही मान तिरपी करून ऐकतोय, त्याला घरी जाऊन सांगायचंय. तुम्ही म्हणता, "मास्तरांनी सांगायचं नाही म्हणलंय."

मास्तरांनी तसं काही म्हटलेलं नव्हतं. सासूबाई क्षणभर तुमच्याकडे बघतात आणि म्हणतात, "मंग मी बी न्हाय सांगायची." आणि गाडीवानाला हाक मारतात, आता तरी त्या हुरड्याच्या बांधाशी गाडी थांबव म्हणून.